हिवाळ्यात गिनीपिगांची जोपासना

शेतकऱ्याच्या घरी जनावर राखण्याचे शिक्षण निराळे द्यावे लागत नाही. थंडी पडू लागली की वासराच्या अंगावर पोते टाकावे, करडे डालग्याखाली घ्यावीत, कोंबड्यांच्या खुराड्यास रात्री गोणपाट लावावे, हे ज्ञान आजोबांपासून नातवापर्यंत आपोआप चालत आलेले असते. परंतु अलीकडे मुलांच्या हट्टाखातर शहरांतून व तालुक्याच्या गावांतून एक परका प्राणी आपल्या घरात येऊ लागला आहे. त्याच्याविषयी आजोबांस काही ठाऊक नसते आणि नातवास केवळ लळा असतो. हा प्राणी म्हणजे गिनीपिग. मोठ्या हौसेने आणलेला हा जीव पौषातील एखाद्या पहाटे निपचित पडलेला आढळावा आणि घरातील पोराने दिवसभर अन्नास शिवू नये, असे प्रकार आमच्या कानावर वारंवार आले आहेत. यांतील पुष्कळ मृत्यू थोड्या दक्षतेने टळण्याजोगे असतात, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नावावरून हा प्राणी गिनी देशाचा व डुकराच्या जातीचा असावा असे वाटते. वस्तुतः तो दोन्ही नव्हे. उंदीर, खार व साळिंदर ज्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गात मोडतात, त्याच वर्गातला तो आहे. त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांतील शेतकऱ्यांनी त्यास हजारो वर्षांपूर्वी माणसाळविले. तिकडे त्यास ‘कुय’ म्हणतात व मांसाकरिता पाळतात. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला आणि तेथे लोकांनी त्यास खेळविण्याचा प्राणी केले. पुरे वाढलेले जनावर पाऊण ते सव्वा किलो भरते आणि नीट राखल्यास पाच ते आठ वर्षे जगते.

येथे कोणी अशी शंका घेईल की, इतक्या उंच डोंगरातील प्राण्यास आपल्याकडील थंडीची मातब्बरी ती काय? शंका वरवर रास्त दिसते. पण त्या डोंगरांतील शेतकरी आपली कुय उघड्यावर ठेवीत नाहीत. परंपरेने ती स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला, कळपाने वावरत आली आहेत. रानात राहणारे त्याचे भाऊबंदही दाट गवतात व बिळांत एकमेकांस चिकटून रात्र काढतात. सारांश, त्याच्या अंगावरचे दाट केस पाहून फसू नये. जनावर काटक नसून आसऱ्याने जगणारे आहे.

त्यास मानवणारी हवा म्हणजे अठरा ते चोवीस अंश सेल्सिअस. पारा पंधराच्या खाली उतरू लागला की त्यास घरात घ्यावे. आता आपल्या देशावरील हिवाळा पाहा. निफाडकडे कित्येक वर्षी पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी ऊन चांगलेच तापते. ही एका दिवसातील मोठी तफावत हेच आपल्याकडील खरे संकट होय. पहाटे काकडलेले जनावर उबेसाठी अंगणातील उन्हात ठेवावे आणि कामाच्या गर्दीत त्याची आठवण दुपारी बारास व्हावी, असे घडते. या प्राण्यास घाम येत नाही. पंचवीस-सव्वीस अंशांपुढे त्याचा जीव घाबरा होऊ लागतो. पत्र्याच्या किंवा काचेच्या पेटीत तर उन्हाने तो थोड्या वेळात दगावतो. यास्तव सकाळचे कोवळे ऊन द्यावयाचे ते अर्धा तास, निम्म्या पिंजऱ्यावर सावली धरून, आणि कोणीतरी जवळ बसून.

पिंजऱ्याची जागा घरातील अशी असावी की जेथे उंबऱ्याचा किंवा खिडकीचा वारा थेट लागत नाही. शहाबादी फरशी रात्री बर्फासारखी गार पडते, म्हणून पिंजरा पाटावर अथवा विटांवर हातभर उंच ठेवावा. दोन जनावरांस चार फूट लांब व दोन फूट रुंद जागा ही किमान समजावी. तळ लाकडी व सपाट पाहिजे. जाळीच्या तळाने पावलांस जखमा होतात व खालून गारठा लागतो. आत एक लहान लाकडी खोके पालथे घालून त्यास दोन दारे पाडावी. एकच दार असल्यास एक जनावर दाराशी बसून दुसऱ्यास कोंडून धरते.

अंथरुणास मऊ व वाळके गवत चांगले चार बोटे जाड घालावे. भाताचा पेंढा घालावयाचा तर खाली घालून त्यावर मऊ गवत पसरावे, कारण पेंढ्याची टोके डोळ्यांस लागतात. लाकडाचा बारीक भुसा नाकात जातो, भुईमुगाची टरफले बुरशी धरतात, दोन्ही टाळावीत. थंडीहून ओल अधिक घातक आहे, हे विसरू नये. मुताने भिजलेल्या गवताची उग्र वाफ फुप्फुसांस झोंबते आणि मग सर्दीस निमित्त पुरते. रोज सकाळी गवत मुठीत दाबून पाहावे. हातास ओल लागली की ते काढून नवे घालावे. पिंजऱ्यास रात्री तीन बाजूंनी घोंगडी किंवा गोणपाट लावावे व चौथी बाजू मोकळी ठेवावी. सर्व बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळल्यास आतल्या आत दमटपणा साठतो. हिवाळ्यात या प्राण्यास आंघोळ घालू नये.

कृत्रिम उबेविषयी विशेष सावध राहावे लागते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे हा तर जनावरांच्याच नव्हे, माणसांच्याही जिवाशी खेळ आहे. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो. पिले उबविण्यासाठी जुना विजेचा दिवा लावीत, त्याची आठवण ठेवून काही लोक हल्लीचा एलईडी दिवा टांगतात. तो प्रकाश देतो, ऊब जवळजवळ देत नाही. शिवाय रात्रभरच्या उजेडाने जनावराची झोप मात्र मोडते. विजेची तार दातांच्या टप्प्यात आल्यास ती कुरतडली जाणार, हे निश्चित समजावे. आमच्या मते सोपा उपाय असा : एक वीट चुलीजवळ कोमट करावी, हातास सोसेल इतपतच, जाड कापडात व वर पोत्यात गुंडाळावी, आणि पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात बाहेरून भिडवून ठेवावी. दुसरे टोक गारच राहू द्यावे, म्हणजे उकडल्यास जनावरास सरकता येते. परंतु सर्वांत उत्तम ऊब जोडीदाराची. हा कळपाचा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 सालच्या नियमांनी एकटा गिनीपिग पाळण्यास मनाईच केली आहे. दोन माद्या एकत्र ठेवणे सोयीचे. नर-मादी ठेवल्यास संसार वाढत जातो. सशाची सोबत मात्र देऊ नये, कारण सशाच्या नाकात निरुपद्रवी राहणारे काही रोगजंतू गिनीपिगास प्राणघातक ठरतात.

आता खाण्याविषयी. याचे दात जन्मभर वाढतात, म्हणून वाळके गवत त्याच्यापुढे अष्टौप्रहर असावे. मारवेल, हरळी ही उत्तम. लसूणघासात चुना अधिक असल्यामुळे मोठ्या जनावरास तो रोज देऊ नये, मूतखडा होतो. कोवळी ज्वारी गुरांस लागते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको; ती याही प्राण्यापासून दूरच ठेवावी. कांदा, लसूण, बटाटा यांचे तसेच. आणि द्राक्षबागेत किंवा भाजीपाल्यात फवारणी झाली असेल तर त्या बांधावरील गवत मुळीच आणू नये. वासरास जे पचत नाही ते या पावणेदोन मुठींच्या जिवास कसे पचेल?

माणसाप्रमाणेच गिनीपिगाच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. हीच गोष्ट 1907 साली नॉर्वेतील होल्स्ट व फ्रॉलिक या दोघा शास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून उजेडात येऊ लागली. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांस खलाशांचा स्कर्व्ही रोग जडला. हे सत्त्व कमी पडले की हिरड्यांतून रक्त येते, सांधे दुखतात आणि थंडीत सर्दी बळावते. दररोज सामान्यतः दहा ते तीस मिलिग्रॅम एवढी त्याची गरज. आपल्या सुदैवाने हिवाळा हा पेरूचा हंगाम आहे. शंभर ग्रॅम पेरूत हे सत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे बिया काढलेली वीस ग्रॅमची एक फोड एका जनावरास पुरून उरते. त्याहून अधिक देऊ नये, कारण गोडाने पोट बिघडते. इतर ऋतूंत कोथिंबीर व ढोबळी मिरची उपयोगी पडतात. पिण्याचे पाणी पहाटे बदलून कोमट घालावे.

सर्दी झाल्यास शिंका, नाक वाहणे, डोळ्यांस चिपडे, अंग फुगवून कोपऱ्यात बसणे, ही लक्षणे दिसतात. जनावराने एक दिवस अन्न सोडले तर उद्यावर ढकलू नये. पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे. येथे एक गोष्ट ठळकपणे सांगणे भाग आहे. आमच्या परिचयाच्या एका बागाइतदाराकडे मुलीच्या तापातून उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळीचा चुरा शिंकणाऱ्या गिनीपिगास पाण्यातून पाजण्यात आला. हेतू दयेचाच होता. चौथ्या दिवशी हगवण लागून जनावर गेले. पेनिसिलिन व त्याच्या वर्गातील औषधे पोटात गेल्यास या प्राण्याच्या आतड्यातील उपकारक जंतू मरतात, विषारी जंतू माजतात व जनावर दगावते. माणसाची, गुराची अथवा कोंबडीची कोणतीही गोळी त्यास आपल्या मनाने देऊ नये.

शत्रूंचाही बंदोबस्त पाहिजे. हिवाळ्याच्या रात्री घूस व उंदीर घरात आसरा शोधतात. मांजर तर घरचेच असते. खेड्यात मुंगूस व साप यांचे भय निराळे. पिंजऱ्याची जाळी अर्ध्या इंचाहून मोठ्या भोकांची नसावी आणि दारास नुसती आकडी न लावता कडी व खिळा असावा. दाणे सांडलेले ठेवू नयेत, कारण त्यांच्या वासाने प्रथम उंदीर येतो व उंदरामागे साप.

आमचे आयुष्य महसुलाच्या दप्तरात गेल्यामुळे नोंदीवाचून आमचे समाधान होत नाही. म्हणून आमची अशी सूचना आहे की, ज्या मुलाच्या हट्टाने जनावर घरात आले त्याच्याच हाती एक वही द्यावी. दर रविवारी स्वयंपाकघरातील काट्यावर जनावराचे वजन करून ते तारखेसह तीत लिहावे. हा प्राणी दुखणे लपवितो. पण वजन लपवू शकत नाही. एका आठवड्यात पन्नास ग्रॅमची घट दिसली की कोठेतरी काही चुकत आहे असे समजावे व दुसऱ्या आठवड्याची वाट पाहू नये.

इतके सर्व होण्याजोगे नसेल, रात्री उठून पिंजरा पाहण्यास घरात कोणी तयार नसेल, तर हा प्राणी आणूच नये, असे आम्ही मुलांच्या नाराजीची पर्वा न करता स्पष्ट सांगतो. बैल आजारी पडला तर औत अडते व घर जागे होते. या मुक्या जिवामुळे कोणाचे काहीच अडत नाही, म्हणून त्याच्याकडे पाहण्याचे कर्तव्य अधिक कसोशीने पाळावे लागते. ज्या वाचकांनी आपल्या भागातील थंडीत हे प्राणी यशस्वी रीतीने राखले असतील, त्यांनी आपला अनुभव मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा, ही विनंती.