वाळू पायांनाच का टोचते?

एप्रिलमधल्या दुपारी कोकणातल्या एखाद्या पुळणीवर उभे राहा. समुद्राकडून भन्नाट वारा सुटलेला असतो आणि वाळू पोटऱ्यांना नुसती टोचत असते. चेहऱ्याला मात्र काहीच नाही! वारा तर डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे आहे. मग वाळू खालीच का?

कारण वाळू तरंगत नाही, ती उड्या मारते. धूळ हवेबरोबर कुठल्या कुठे जाते, पण वाळूचा कण तिच्यापेक्षा जड. वाऱ्याचा वेग ताशी साधारण 20 किलोमीटरच्या वर गेला की कोरडा कण उसळतो, थोडा पुढे जातो आणि धप्पकन खाली येतो. येताना खालच्या कणांना असा दणका देतो की तेही उसळतात! बहुतेक उड्या घोट्याच्या आसपासच संपतात. राल्फ बॅग्नॉल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अभियंत्याला या उड्यांचं असं वेड लागलं, की त्याने प्रयोगशाळेत वारा सोडून त्या मोजल्या आणि 1941 साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

या उड्यांमध्ये वाळूची निवडही होऊन जाते. जाड खडे आणि शिंपल्यांचे मोठे तुकडे वाऱ्याला उचलवत नाहीत. अगदी बारीक धूळ दूर निघून जाते. म्हणून किनाऱ्यामागच्या वाळूच्या टेकडीवरचे कण बरेचसे एकाच मापाचे असतात, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरहून लहान. भरतीच्या रेषेजवळची चिमूटभर वाळू शेजारी ठेवून भिंगातून बघा, फरक लगेच दिसेल.

पण उड्या मारत निघालेली वाळू थांबते कुठे? जिथे वारा अडखळतो तिथे! एखादा ओंडका, जाळ्याचा तुकडा, नाहीतर आपली मर्यादवेल. तिची पानं आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली, फुलं जांभळट गुलाबी, आणि नात्याने ती चक्क रताळ्याची बहीण. तिच्या पानांत वारा मंदावतो आणि वाळू खाली बसते. वेल गाडली जाते म्हणता? छे! ती वाळूतून पुन्हा वर येते, पेरापेराला नवी मुळं सोडते आणि आणखी वाळू अडवते. वाळू चढते, वेल चढते. गोव्यात मोरजी, मांद्रे, केरी इथल्या टेकड्या अशाच वाढल्या. मला विचाराल तर या टेकडीची खरी गवंडी मर्यादवेलच.

एक प्रयोग करा. कोरडी वाळू मुठीतून हळूहळू एकाच जागी सोडा आणि ढिगाचा उतार कोनमापकाने मोजा. कितीही वाळू ओता, उतार साधारण 34 अंशांच्या पुढे जात नाही. वाळू घसरते आणि ढीग रुंद होतो. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. टेकडीवर वाळूला धरून ठेवायचं काम मुळं करतात.

पावसाळ्यात उंच लाटा टेकडीचा पुढचा भाग कापून नेतात. ही वाळू बरीचशी जवळच उथळ समुद्रात साचते. मग लाटा तिथेच फुटतात आणि किनाऱ्यावर येईपर्यंत त्यांचा जोर कमी होतो. पाऊस सरला की शांत लाटा त्यातली पुष्कळ वाळू परत आणून टाकतात.

पावसाचं पाणी टेकडीवरून वाहून जात नाही, झपकन आत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. ते समुद्रपातळीच्या वर 1 मीटर साचलं, तर खाली साधारण 40 मीटरपर्यंत गोडं पाणीच असू शकतं! म्हणून समुद्राला खेटून असलेल्या विहिरीचं पाणीही पिता येतं. उपसा फार झाला, तर मात्र खालचं खारं पाणी वर चढतं.