बैलाच्या तोंडात हात घालण्याआधी

दावणीचा बैल वैरणीकडे बघतो, मान पुढे ताणतो, एखादी काडी तोंडात घोळवतो आणि टाकून देतो. तोंडातून लाळेची तार लोंबत असते. बादली पुढे केली तर तोंड बुडवतो, पण पाणी काही कमी होत नाही. जे थोडं घशापर्यंत जातं तेही नाकातून परत येतं. तोवर गोठ्याभोवती माणसं जमलेली असतात आणि त्यांचं निदान ठरलेलं असतं : घशात काहीतरी अडकलंय. कुणी बाही वर सारून हात घालायला पुढे होतो, कुणी गोडेतेल आणायला घरात धावतो. मदत करण्याची इच्छा खरी असते, पण नेमक्या याच दोन गोष्टी त्या घटकेला करायच्या नसतात.

आधी लाळेचं बघू. मोठं जनावर दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ तयार करतं. एरवी ती सगळी गिळली जाते, म्हणून आपल्याला दिसत नाही. लाळ गळायला लागली की बहुतेकदा तिचं गिळणं थांबलेलं असतं. अन्ननलिकेला दुसरंही एक काम असतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबत असतो, त्यातून सतत वायू तयार होतो आणि तो ढेकरेवाटे याच नळीतून बाहेर पडतो. नळी पुरती बंद झाली की वायू कोंडतो, डावी भकाळी फुगते आणि फुगलेलं पोट फुप्फुसांना दाबू लागतं. मग बैल काही तासांत जाऊ शकतो. म्हणून घशाइतकंच लक्ष डाव्या कुशीकडे हवं.

खरोखर अडकलेलं असेल तर त्याची चाल वेगळी असते. बैल धडधाकट असतो, खात असतो, आणि अचानक थांबतो. आंब्याची कोय, बटाटा, बीट, मक्याचं कणीस, उसाचं कांडं ही नेहमीची कारणं. गुरं आधी घाईने गिळतात आणि चावण्याचं काम रवंथावर सोडतात. त्यात शेजारचा गव्हाणीत तोंड घालेल या भीतीने भराभर ओढणारा एखादा अधाशी असतोच. असा बैल मान लांब करतो, खोकतो, बेचैन होतो, पण ताप नसतो. मानेत अन्ननलिका डाव्या बाजूने जाते, त्यामुळे तिथे बाहेरून हात फिरवला तर कधी कधी गाठ लागते.

इथे डॉक्टर काय करतात? पोट फुगलेलं असेल तर आधी भकाळीतून जाड सुई किंवा नळी घालून वायू सोडतात. मग बैल शांत करण्याचं इंजेक्शन देऊन तोंडात आडणा घालतात. वस्तू घशाजवळ असेल तर बाहेरून दाबत वर सरकवून काढतात, खाली छातीजवळ असेल तर गुळगुळीत नळीने हलकेच पोटात ढकलतात. ‘हलकेच’ हा त्यातला कळीचा भाग. घरी ऊस, काठी किंवा बागेचा पाइप घालून जोर केला तर अन्ननलिका फाटते आणि फाटलेली अन्ननलिका दुरुस्त होणं फार अवघड. डॉक्टर येईपर्यंत चारा-पाणी बंद ठेवायचं, बैल उभा ठेवायचा, पुढचे पाय थोडे उंचावर येतील असा. बस.

आता तेलाचं. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांची तोंडं घशात शेजारी शेजारी असतात. गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडतं, म्हणून पाणी फुप्फुसात जात नाही. गिळण्याची क्रियाच बंद असेल तर हे झाकण वेळेवर पडत नाही. मग जीभ बाहेर ओढून, मान वर करून, बांबूच्या नळकांड्याने ओतलेलं औषध थेट फुप्फुसात उतरतं. तेल तर आणखी वाईट, कारण ते मऊ असतं, ठसकाही धड लागत नाही आणि आपल्याला वाटतं, चांगलं पचवलं. दोन-तीन दिवसांनी फुप्फुस सडायला लागतं. बैल गेला की दोष मूळ आजाराला जातो, नळकांड्याला कुणी धरत नाही.

याचं सगळ्यात वाईट वाटणारं उदाहरण म्हणजे तिवा, तीन दिवसांचा ताप. डास-चिलटांनी पसरणारा हा आजार भारी अंगाच्या वळूंना आणि बैलांना जास्त पाडतो. जनावर आखडतं, लंगडतं, खाली बसतं, आणि काहींचं गिळणं तात्पुरतं मंदावतं. ताप बहुधा आपणहून उतरतो. पण चौथ्या दिवशी उठू शकला असता असा बैल दुसऱ्या दिवशी पाजलेल्या काढ्याने जातो. गिळता येत नसताना औषध सुईनेच द्यावं, याला माझ्या मते कुठल्याही घरगुती उपायाचा अपवाद करू नये.

बाकीची कारणं थोडक्यात. पावसाच्या तोंडाशी घसा बाहेरून सुजला, घुरघुर ऐकू आली आणि ताप १०४ अंशांच्या वर गेला तर घटसर्प समजावा; हाताशी एखादा दिवसच असतो, म्हणून लस पावसाआधी. लाळ्या खुरकुतात गिळता येतं, पण तोंड सोललेलं असतं आणि खुरांतही जखमा दिसतात. जीभ लाकडासारखी कडक झाली तर काटेरी चाऱ्याच्या जखमेतून जंतू शिरलेले असतात. वेळेत उपचार झाले तर ती बरी होते. जबडाच उघडत नसेल तर धनुर्वात. आणि ओढलेली जीभ परत आत जात नसेल तर बैल हाडं चघळत होता का, हे विचारावं. स्फुरदाच्या कमतरतेने गुरं कुजकी हाडं चघळतात आणि त्यातल्या विषाने त्यांचे स्नायू लुळे पडतात. दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थायलर यांनी १९२०च्या सुमारास ही साखळी उलगडून दाखवली.

एक कारण शेवटी ठेवलंय, कारण हात घालू नका म्हणण्यामागे खरं तेच आहे : रेबीज. पिसाळलेलं जनावर म्हटलं की अंगावर धावणारा बैल डोळ्यांपुढे येतो. गुरांमध्ये मात्र रेबीज पुष्कळदा मुका येतो. घसा लुळा पडतो, लाळ गळते, पाणी नाकातून येतं. दृश्य कोय अडकल्यासारखंच. फरक बारकाईने बघितला तर दिसतो. आवाज घोगरा होतो आणि बैल विनाकारण पुन्हा पुन्हा हंबरतो. मागचे पाय लटपटतात, शेपूट लुळी पडते, शेण पडत नसताना तो कुंथत राहतो. कुत्रं चावल्याचं कुणाला आठवत नाही, कारण चावा काही आठवड्यांपूर्वीचा, कधी काही महिन्यांपूर्वीचा असतो, आणि रानात कोल्हा किंवा मुंगूस चावलं तर ते कळतही नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ मायस्टर या मुलाला रेबीजची लस दिली, तेव्हापासून चाव्यानंतरची लस आपल्या हाती आहे. पण लक्षणं दिसू लागल्यावर बैलाला वाचवणारं औषध आजही नाही. तो बहुधा आठ-दहा दिवसांत जातो. खात्री मेंदूच्या तपासणीतूनच होते, म्हणून मेल्यावर डॉक्टर डोकं मागतात. ज्याने त्या बैलाला वासरापासून वाढवलं त्याला ते ऐकणं किती जड जात असेल, ते गोठ्यात उभं राहूनच कळतं. कातडं मात्र काढू देऊ नये. बैलाला खोल खड्डा करून पुरावं.

विषाणू लाळेत असतो. धड कातडीतून तो शिरत नाही, पण विळा आणि उसाचं पातं रोज हाताळणाऱ्या हाताची कातडी धड कधी असते? लाळ लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं हात धुवावा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. निदानाची वाट बघत बसू नये. लस सुरू करावी आणि पूर्ण करावी. जनावरांसाठी १९६२ वर फोन केला तर फिरतं पथक मागवता येतं. फोनवर सांगतानाच ‘घशात अडकलंय’ असं न म्हणता ‘गिळत नाही’ एवढंच म्हणावं, म्हणजे येणारा माणूस हातमोजे घालूनच बैलाजवळ जाईल. आणि रेबीजचा संशय निघालाच, तर कोणी कोणी तोंडात हात घातला याची यादी त्याच दिवशी करावी. तिच्यात लाळ पुसणारी घरातली पोरं येतात, जीभ ओढून धरणारा गडी येतो आणि वाटेने जाताना सल्ला द्यायला थांबलेला, नळकांडं स्वतः धरलेला शेजारगावचा पाहुणाही येतो. त्याला फोन करून सांगावंच लागतं.