काय बे, प्रोफाईल उडाली?

फेसबुक बंद पडलं तर काय होतं? गोव्याचे फोटो जातात, दोन दिवस चुकचुकल्यासारखं वाटतं आणि मग खरं सांगायचं तर जरा बरंच वाटतं! पण इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री लिंक्डइन उघडावं आणि समोर ‘तुमचं अकाऊंट रोखण्यात आलं आहे’ अशी पाटी दिसावी... पोटात गोळाच येतो. कारण तिथे नुसते फोटो नसतात. जुन्या बॉसनं लिहून दिलेली शिफारस, हिंजवडीतल्या एचआरशी अर्धवट राहिलेलं चॅटिंग, पाच-सहा वर्षं जमवलेल्या ओळखी, सगळं त्या एका लॉगिनच्या आड असतं.

सोलापूरकरांना तर हे जास्तच झोंबतं. वालचंद किंवा ऑर्किडमधून डिग्री घ्यायची आणि सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणं गाठायचं, हा आपल्याकडचा ठरलेला रस्ता. पुण्यात ज्याचा काका मॅनेजर आहे त्याचं ठीक आहे हो. बाकीच्यांचा काका म्हणजे लिंक्डइनच! 2003 च्या मे महिन्यात रीड हॉफमन आणि मंडळींनी ही साइट सुरू केली, 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती 26 अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतली. इतकी महागडी जागा आपल्याला फुकट वापरायला मिळते, पण घरमालकाच्या अटींवर. आणि ‘आय अ‍ॅग्री’वर टिचकी मारण्यापूर्वी त्या अटी वाचतं कोण?

टॉवेल कंपनीला चेहरा नसतो

सोलापुरात सगळ्यात जास्त घोळ होण्यासारखी जागा कॉलेजात नाही, कारखान्यात आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, माल परदेशी जातो आणि आता नव्या पिढीला खरेदीदार शोधायला लिंक्डइन हवं असतं. मग काय होतं? अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटमध्ये धाकटे शेठ अकाऊंट काढतात. नावाच्या जागी ‘अमुक टेक्स्टाईल्स’, आडनावाच्या जागी ‘सोलापूर’ आणि फोटोत घडी घातलेले टॉवेल! दिसायला झकास, पण नियमानुसार साफ चूक. प्रोफाईल ही हाडामांसाच्या माणसाची असते, खऱ्या नावाची, आणि एका माणसाची एकच. धंद्यासाठी वेगळं ‘पेज’ काढायचं असतं.

दुसरी भानगड पासवर्डची. शेठचं लॉगिन अकाउंटंटकडे, एक्स्पोर्ट बघणाऱ्या मुलीकडे आणि पुण्यातल्या डिजिटल मार्केटिंगवाल्याकडेही. एकच अकाऊंट सकाळी होटगी रोडवरून आणि दहा मिनिटांनी कोथरूडमधून उघडलं तर यंत्रणेला संशय येणारच. लॉगिन वाटून घेणं करारातच मना आहे. आणि गरजही नाही! पेजला एकापेक्षा जास्त अ‍ॅडमिन नेमता येतात, प्रत्येकानं आपापल्या प्रोफाईलमधून काम करायचं. मुलगी नोकरी सोडून गेली की तिचं नाव काढून टाकायचं. पासवर्ड बदलण्याची धावपळच नको.

हल्ली आणखी एक मेसेज फिरतो. ‘तुमचं लिंक्डइन अकाऊंट भाड्यानं द्या, दर महिन्याला पैसे घ्या.’ फ्रेशरला मोह होणं साहजिक आहे. पण अकाऊंट भाड्यानं देणं किंवा विकणं नियमात बसत नाही, आणि तुमच्या नावानं उद्या कुणी खोट्या नोकऱ्यांचे मेसेज पाठवले तर फोन तुम्हालाच येणार. माझं विचाराल तर असला मेसेज दिसताच सरळ रिपोर्ट करा.

शंभर जणांना ‘हाय’

कॅम्पसची धामधूम सुरू झाली की एका रात्रीत शे-दोनशे एचआरना रिक्वेस्ट टाकणारे वीर प्रत्येक हॉस्टेलात असतात. लिंक्डइन आठवड्याला किती आमंत्रणं पाठवता येतील यावर मर्यादा ठेवतं. शिवाय समोरच्यांनी ‘या व्यक्तीला मी ओळखत नाही’ असं सांगायला सुरुवात केली, किंवा ढीगभर रिक्वेस्ट नुसत्याच पडून राहिल्या, की आमंत्रणं पाठवणं बंद होऊ शकतं. घाबरू नका, ही शिक्षा बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप उठते. मधल्या काळात जुन्या पडून राहिलेल्या रिक्वेस्ट मागे घ्या. फक्त एक लक्षात असू द्या, मागे घेतलेली रिक्वेस्ट त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं.

रिक्वेस्टसोबत दोन ओळी लिहिल्या तर फरक पडतो. फुकटच्या अकाऊंटला अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात, म्हणून त्या जपून वापरा. ‘सर, मीही वालचंदचा, 2022 ची बॅच’ हे ‘डिअर सर, आय अ‍ॅम सीकिंग अपॉर्च्युनिटी’पेक्षा कितीतरी बरं!

आणि ती ब्राउझरमध्ये टाकायची एक्स्टेन्शन्स, जी तुमच्या वतीनं रिक्वेस्ट पाठवतात, लाइक ठोकतात, लोकांचे ईमेल उचलतात? त्यांच्या नादी लागू नका. माहिती उपसण्यावरून हायक्यू लॅब्स या अमेरिकी कंपनीशी लिंक्डइनचं 2017 पासून कोर्टात चाललं होतं. अधूनमधून हायक्यूची बाजू वरचढही ठरली, पण 2022 च्या अखेरीला हायक्यूच्या डोक्यावर पाच लाख डॉलरची रक्कम बसली. तिथे कंपनीचं हे झालं, आपण तर साधे मेंबर!

नावाचं त्रांगडं

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांची नावं एकाच गल्लीत नांदतात. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, ऑफिसात सगळे हाक मारतात ती तिसरीच. अकाऊंट रोखलं गेलं की बरेचदा ओळखपत्र मागितलं जातं, आणि तिथे प्रोफाईलवरचं नाव जुळलं नाही तर गाडं अडतं. म्हणून आजच आधार शेजारी ठेवून नाव तपासा. नावाच्या रकान्यातले मोबाईल नंबर, चांदण्या, रॉकेटं काढून टाका. 2023 पासून भारतात आधारच्या मदतीनं ओळख पडताळून घेण्याची सोयही आली आहे. न केलेली नोकरी, न मिळालेली डिग्री लिहिणंही नियमभंगच बरं का. ‘तीन महिन्यांची इंटर्नशिप’ला ‘दोन वर्षांचा अनुभव’ म्हणणारे आपल्या ओळखीत असतातच!

एवढं करूनही पाटी आलीच तर? पहिली गोष्ट, रागाच्या भरात दुसरं अकाऊंट काढू नका, त्यानं प्रकरण आणखी चिघळतं. पडद्यावर सांगितलेल्या मार्गानं ओळखपत्र द्या, अपील करा, शांतपणे काय झालं ते लिहा. त्यांनी नकारच दिला तर भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाता येतं. 2021 च्या आयटी नियमांनी मोठ्या साइट्सना असा अधिकारी नेमणं भाग पाडलं. त्याचंही उत्तर पटलं नाही तर जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारनं नेमलेल्या तक्रार अपील समित्या आहेत. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत अपील करायचं, तेही ऑनलाइन, दिल्लीचं तिकीट काढावं लागत नाही. ही पायरी फार जणांना माहीतच नसते. लिंक्डइनच्या करारात मात्र कोर्टाची जागा लिहिली आहे ती कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीची. सात रस्त्यावरून तिकडे रिक्षा मिळत नाही!

तोवर, अकाऊंट सुरळीत आहे तेव्हाच दोन कामं उरका. ऑफिसच्या ईमेलसोबत स्वतःचा खासगी ईमेलही जोडा. नोकरी सोडली की ऑफिसचा मेल बंद होतो आणि पासवर्ड बदलण्याची लिंक तिकडेच जाऊन बसते. आणि सेटिंग्जमधल्या डेटा प्रायव्हसीत जाऊन आपल्या डेटाची कॉपी मागवा. ओळखींची यादी आणि मेसेज त्यात येतात. लोकांचे ईमेल मात्र त्यांनी परवानगी दिली असेल तरच दिसतात, तेव्हा ज्या चार-पाच जणांवाचून तुमचं अडेल त्यांचे नंबर फोनमध्ये वेगळे सेव्ह करून ठेवा.