वारा समुद्रावर, चर मात्र शेतात

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्फोक नावाचा परगणा आहे. तिथला शेतकरी आपला व्यवसायबंधूच म्हणायचा. ऊस नाही, पण साखरेचे बीट तिथे पिकते. कँटली गावी साखर कारखाना निघाला तो १९१२ साली.

समोरच्या समुद्रात पवनचक्क्या उभारायचे ठरले. आता चक्क्या समुद्रात, मग शेतकऱ्याचं काय जातं? असे कुणीही विचारील. पण वीज काही आपल्या पायांनी चालत येत नाही! किनाऱ्यापासून सबस्टेशनपर्यंत केबल जमिनीखालून न्यावी लागते. ‘नॉर्फोक व्हॅनगार्ड’ योजनेत हॅपिसबर्गच्या किनाऱ्यापासून नेक्टन गावापर्यंत सुमारे ६० किलोमीटरचा मार्ग आखला गेला, आणि नेक्टनला मोठे सबस्टेशन.

चर खणला की काय होते हे आपणांस सांगायला नको. वरची कसदार माती खालच्या मातीत मिसळते, निचऱ्याच्या नळ्या तुटतात, जड यंत्रांखाली रान दबते. चर बुजला तरी पीक लगेच पहिल्यासारखे येत नाही.

पुष्कळ गावकऱ्यांचे भांडण वाऱ्याच्या विजेशी नव्हतेच. दर योजनेला वेगळा चर, वेगळे सबस्टेशन कशाला, एवढेच त्यांचे विचारणे. या रेट्याचा उपयोग झाला. २०१८ मध्ये कंपनीने डी. सी. प्रवाहाची पद्धत पत्करली. त्यामुळे चराचा पट्टा अरुंद झाला, किनाऱ्याजवळचे मधले केंद्र टळले. पुढे जुलै २०२० मध्ये सरकारने योजना मंजूर केली, ती फेब्रुवारी २०२१ मध्ये हायकोर्टाने रद्द ठरवली. कारण, नेक्टनलाच ‘बोरियस’ या जुळ्या योजनेचेही सबस्टेशन यायचे होते, आणि दोन्हींचा मिळून होणारा परिणाम मंत्र्यांनी विचारात घेतला नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा मंजुरी मिळाली. म्हणजे योजना टळली नाही. पण गावाचे म्हणणे डावलून पुढे जाता आले नाही.

आपल्या देशातही २०२४ साली गुजरात व तमिळनाडूच्या समुद्रातील पवनविजेसाठी केंद्राने अर्थसाहाय्य मंजूर केले आहे. वीज सर्वांना हवी, आम्हांलाही हवी. पण कुठलीही केबल वा पाइपलाइन बांधावर आली, तर आधी नकाशा मागावा. वरची माती वेगळी ठेवणार का, निचरा पूर्ववत करून देणार का, भरपाई किती हंगामांची, हे सारे लेखी घ्यावे. आणि एकट्याने नव्हे, शिवाराने मिळून घ्यावे. सहकार आपल्याला हेच तर शिकवतो.