बंदूक चार किलोचीच का?

संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवताना बंदूक आणि गोळीचं गणित आपण सगळेच फळ्यावर घालतो. बंदुकीचं वस्तुमान, गोळीचं वस्तुमान, गोळीचा वेग. काढा बंदुकीचा मागे येण्याचा वेग. उत्तरातलं ऋण चिन्ह कोणी विसरलं तर अर्धा गुण कापायचा आणि पुढच्या गणिताकडे वळायचं. पण बंदूक चारेक किलोचीच का, गोळी अमुक ग्रॅमचीच का, हे आम्ही स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा कळलं, की याच आकड्यांवर जगभरची सैन्यं गेली साठ वर्षं वाद घालत आहेत.

आपल्याच सैन्याचं उदाहरण घेऊ. 1960 च्या दशकापासून आपल्या जवानांकडे एसएलआर रायफल होती. तिची गोळी 7.62 मिलिमीटर व्यासाची, सुमारे साडेनऊ ग्रॅमची, सेकंदाला 840 मीटर वेगाने सुटणारी. संवेग झाला 8 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. 1990 च्या दशकात तिच्या जागी इन्सास रायफल येऊ लागली. हिचा आराखडा पुण्याला, पाषाणच्या एआरडीई या संस्थेत तयार झाला. गोळी 5.56 मिलिमीटरची, 4 ग्रॅमची, वेग 900 च्या आसपास. संवेग 3.6, म्हणजे निम्म्याहून कमी.

एसएलआर साडेचार किलोची धरली, तर ती सेकंदाला 1.8 मीटर वेगाने मागे येते, 4.2 किलोची इन्सास 0.86 मीटरने. (काडतुसातला वायूही पुढे फेकला जातो, त्यामुळे खरा धक्का याहून जास्त. वर्गापुरतं ते सोडून देऊ.) वेग निम्मा झाला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. खांद्याने पेलायची ऊर्जा 7 ज्यूलवरून दीड ज्यूलवर आली! नेम कमी हलतो, नवखा जवान लवकर तयार होतो. शिवाय जुनं काडतूस 24 ग्रॅमचं, नवं 12 ग्रॅमचं. तेवढ्याच ओझ्यात दुप्पट काडतुसं.

मग तोटा कशात? गोळीची ऊर्जाही 3,350 ज्यूलवरून सुमारे 1,600 वर उतरली. हलकी गोळी वाऱ्याने अधिक ढळते, लांबवर जाताना लवकर मंदावते, आडोसा भेदण्यात कमी पडते. ‘एका जखमीला उचलायला दोघे लागतात, म्हणून मुद्दाम लहान गोळी’ असं पुष्कळदा छापून येतं. आम्हाला ते पटत नाही. वजन आणि धक्क्याचा हिशेब तेवढ्याला पुरेसा आहे. उलट जवळच्या चकमकीत समोरचा गोळी लागूनही झाडत राहिला, तर जवानाच्या जिवावर बेतते. म्हणून काटा पुन्हा उलट फिरला. 2019 मध्ये भारताने जुन्याच मापाच्या 7.62 काडतुसाच्या 72,400 सिग-716 रायफलींचा करार केला, आणि डिसेंबर 2021 मध्ये अमेठीजवळ कोरवा इथे बनवायच्या सहा लाखांवर एके-203 रायफलींचा.

काही गोष्टी गणितात येतच नाहीत. 1999 च्या कारगिल युद्धात थंडीने इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या. व्हिएतनाममध्ये 1960 च्या दशकात अमेरिकेच्या एम-16 रायफली ऐन लढाईत अडकल्या. काडतुसातली दारू बदलली होती आणि सफाईचं साहित्य पुरेसं दिलं नव्हतं. सुटे भाग घट्ट बसवले तर नेम अचूक होतो पण चिखल-वाळू चालत नाही. सैल ठेवले तर उलटं.

मुलांना एके-203 चं गणित जरूर द्यावं: रायफल 3.8 किलो, गोळी 8 ग्रॅम, वेग 715. मागे येण्याचा वेग दीड मीटर येतो, ऊर्जा चार ज्यूलच्या थोडी वर. म्हणजे दोन्हींच्या मधली. मग विचारावं, उंच डोंगरावरच्या ठाण्याला कोणती रायफल द्याल आणि वस्तीत गस्त घालणाऱ्याला कोणती? आमच्या वर्गात दोन तट पडले. एका मुलीने मात्र वेगळंच विचारलं: दोन्ही 7.62 ची, मग काडतुसं एकमेकींत चालतात का? चालत नाहीत. सिगचं काडतुसाचं नळकांडं 51 मिलिमीटर लांब, एकेचं 39. ठाण्यावर चुकीची पेटी पोचली, तर ती परत पाठवून दुसरी येईपर्यंत हातात आहे तेवढ्यावरच भागवायचं.