विकत घेतलेले गाणे आणि फोनपर्यंतची वाट

विकत घेतलेले डिजिटल गाणे म्हणजे मुळात एक फाइल. ती संगणकावर उतरते, केबलीतून फोनमध्ये जाते आणि इंटरनेट नसतानाही वाजते. त्यासाठी दरमहा वर्गणी भरण्याचे कारण नाही. इतका साधा हा व्यवहार गेल्या पाव शतकात कधी कोर्टात अडला, कधी फाइलीवरच्या कुलपाने, तर कधी फोनच्या सेटिंगमधल्या एका बटणाने.

सीडीवरच्या संगीताला मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाला न जाणवणारे तपशील गाळून फाइल लहान करण्याची पद्धत घडवली. १९९५ मध्ये तिच्या फाइलींना ‘एमपी३’ हे शेपूट जोडले गेले. १२८ केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला जेमतेम १ एमबी पुरतो. १९९८ मध्ये बाजारात आलेल्या डायमंड कंपनीच्या ‘रिओ पीएमपी३००’ या खिशातल्या यंत्रात ३२ एमबी जागा होती, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचे गाणे. तरीही अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने त्यावर दावा लावला. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला. संगणकावर आधीच असलेले गाणे सोबत नेता यावे म्हणून त्याची प्रत करणे हा खासगी वापर आहे, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्या प्रत्येक यंत्राला, आणि शेवटी फोनलाही, या निकालाने वाट मोकळी करून दिली.

ॲपलचे आयट्यून्स जानेवारी २००१ मध्ये आणि ५ जीबीचा आयपॉड त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. गाण्यांचे दुकान मात्र २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत उघडले: सुमारे दोन लाख गाणी, प्रत्येकी ९९ सेंट. नॅपस्टरवरून फुकट गाणी उतरवण्याची सवय लागलेल्या श्रोत्यांना पैसे देऊन घेण्याची वाट दाखवणारे हे मोठे पाऊल होते. पण ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आग्रहामुळे प्रत्येक गाण्यावर ‘फेअरप्ले’ नावाचे कुलूप होते. ते गाणे ठरावीक संख्येच्याच संगणकांवर वाजे आणि खिशात न्यायचे तर आयपॉडच लागे. कुलूप टाळण्याचा एक अधिकृत मार्ग होता: गाणी ऑडिओ सीडीवर उतरवायची आणि त्या सीडीवरून पुन्हा संगणकात घ्यायची. मात्र एकदा आवळलेला आवाज दुसऱ्यांदा आवळला की त्याचा दर्जा आणखी घसरतो. वाद्यांची बारीक किणकिण आधी हरवते.

या दुकानातली गाणी वाजवणारा पहिला फोन मोटोरोलाचा, ‘रॉकर ई१’, सप्टेंबर २००५ मध्ये आला. त्यात १०० गाण्यांची मर्यादा मुद्दाम घातलेली होती. मेमरी कार्डात जागा उरली तरी एकशे एकावे गाणे चढत नसे, आणि केबलीचा वेगही फार कमी होता. फोन आणि गाणे यांची गाठ खऱ्या अर्थाने पडली ती २००७ च्या आयफोनपासून.

कुलपाचा खरा धोका कळायला २००८ साल उजाडावे लागले. कुलूपबंद फाइलीसोबत एक परवाना असतो. संगणक बदलला किंवा विंडोज नव्याने टाकले की तो परवाना विक्रेत्याच्या सर्व्हरकडून पुन्हा मागावा लागतो. मायक्रोसॉफ्टने आपल्या एमएसएन म्युझिकच्या गिऱ्हाइकांना कळवले की ऑगस्ट २००८ नंतर हे परवाने मिळणार नाहीत. ओरड झाल्यावर ती मुदत वाढवावी लागली. पाठोपाठ याहूनेही आपल्या दुकानाबाबत तशीच घोषणा केली. गाणी सीडीवर उतरवून ठेवा, असा सल्ला त्या वेळी गिऱ्हाइकांना मिळाला. पैसे चुकते करून घेतलेले गाणे विक्रेत्याच्या एका यंत्रावर तगून आहे आणि ते यंत्र बंद झाले की मुके होणार, हे लाखो लोकांना तेव्हा पहिल्यांदा समजले. डिजिटल संगीताच्या इतिहासात श्रोत्याच्या विश्वासाला याहून मोठा तडा क्वचितच गेला असेल.

कुलूप काढण्याची चळवळ तोवर सुरू झाली होती. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी एक खुले पत्र लिहिले. याच ध्वनिमुद्रण कंपन्या सीड्या बिनकुलपाच्या विकतात, मग इंटरनेटवरच्या गाण्यालाच कुलूप कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. त्या कंपन्यांपैकी ईएमआयने प्रथम होकार दिला. सप्टेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनने केवळ बिनकुलपाची एमपी३ विकणारे दुकान उघडले आणि जानेवारी २००८ पर्यंत चारही मोठ्या कंपन्या तिथे आल्या. जानेवारी २००९ मध्ये ॲपलनेही संपूर्ण दुकान बिनकुलपाचे करत असल्याचे जाहीर केले. आवाजाचा दर्जा १२८ वरून २५६ केबीपीएसवर गेला. जुनी गाणी सोडवून घेण्यासाठी मात्र गाण्यामागे ३० सेंट भरावे लागत. ज्यांनी ते भरले नाहीत, त्यांच्या जुन्या डिस्कवर ‘एम४पी’ शेपटाच्या फाइली अजून सापडतात. ॲपलच्या सॉफ्टवेअरबाहेर त्या वाजत नाहीत. ‘एम४ए’ शेपटाच्या फाइली कुठेही नेता येतात.

भारतात ही दुकाने उशिरा आली. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत तोवर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घेण्याची पद्धत रुजली होती. त्यात गायक-संगीतकारांच्या हाती काही पडत नसे, पण फोनमध्ये गाणी ‘टाकायची’ असतात, ही समज लोकांत पक्की झाली ती तिथेच. विकत घेण्याचा सोपा पर्याय फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लिपकार्टच्या ‘फ्लाइट’ने दिला आणि डिसेंबर २०१२ मध्ये आयट्यून्सचे दुकान भारतात उघडले. फ्लाइटचे संगीताचे दुकान जून २०१३ मध्ये, दीड वर्षाच्या आतच, बंद झाले. २००८ चा अनर्थ मात्र टळला. गाणी साध्या एमपी३ स्वरूपात असल्यामुळे ज्यांनी ती उतरवून ठेवली, त्यांच्याकडे ती दुकान गेल्यावरही वाजत राहिली.

अँड्रॉइड फोनांवर वाट पहिल्यापासून मोकळी होती. सुरुवातीला केबल जोडली की फोनचे कार्ड पेन ड्राइव्हसारखे संगणकात उघडे. पण एकच साठा फोन आणि संगणक दोघांनी एकाच वेळी हाताळला तर नोंदी बिघडू शकतात, म्हणून तेवढ्या वेळापुरता तो फोनपासून तोडावा लागे. २०११ पासून अँड्रॉइडने एमटीपी ही पद्धत घेतली. तिच्यात साठा फोनच्याच ताब्यात राहतो आणि संगणक त्याच्याकडे एकेक फाइल मागतो किंवा देतो. आता केबल जोडल्यावर फोन आधी नुसता चार्ज होतो. पडद्यावरच्या सूचनेत फाइल ट्रान्सफर निवडले की ‘म्युझिक’ फोल्डर दिसते आणि गाणी त्यात कॉपी करता येतात.

२०११ मध्येच ‘क्लाउड’चा, म्हणजे गाणी कंपनीच्या सर्व्हरवर ठेवण्याचाही जमाना सुरू झाला. विकत घेतलेले गाणे आयक्लाउडवरून पुन्हा फुकट उतरवण्याची सोय ॲपलने केली, तर गूगलने वापरणाऱ्यांना त्यांच्याकडची २०,००० पर्यंत गाणी सर्व्हरवर विनामूल्य चढवू दिली. दोन्ही सोयी उपयोगाच्या होत्या, पण दुसऱ्याच्या मर्जीवरच्या. दुकानातून काढून टाकलेले गाणे ॲपलकडून पुन्हा उतरवता येईलच असे नाही. गूगल प्ले म्युझिक २०२० अखेर बंद झाले आणि गाणी यूट्यूब म्युझिकमध्ये हलवावी लागली. ॲमेझॉननेही गिऱ्हाइकांची गाणी चढवून ठेवण्याची सेवा गुंडाळली.

जून २०१५ मध्ये ॲपल म्युझिक ही वर्गणीची सेवा आली आणि वर्गणी हा संगीताचा मुख्य व्यवहार होऊ लागला. विकत घेतलेल्या गाण्याचा रस्ता बंद झाला नाही, पण तो पाटीविना राहिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकवरचे आयट्यून्स मोडून त्याचे तुकडे झाले: गाण्यांचा संग्रह ‘म्युझिक’ ॲपमध्ये गेला आणि फोनशी मेळ घालण्याचे काम फाइली पाहण्याच्या ‘फाइंडर’कडे. विंडोजवर ते आता ‘ॲपल डिव्हायसेस’ नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये आहे. गोंधळ बहुतेकदा एका ठिकाणी होतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिंक लायब्ररी’ चालू असेल तर केबलीतून गाणी चढत नाहीत. वर्गणी असताना ते चालू केलेले असते आणि वापरणाऱ्याच्या लक्षातही नसते. ते बंद केले की फाइंडरमध्ये फोन निवडून म्युझिकच्या पानावरून अल्बम किंवा याद्या चढवता येतात. शिवाय आयफोन एका वेळी एकाच संगणकाच्या संग्रहाशी बांधलेला राहतो. दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर ‘पुसून सिंक करू का’ अशी विचारणा होते. तिला हो म्हटले की फोनमध्ये केबलीतून चढवलेली आधीची गाणी जातात.

बँडकॅम्पसारख्या दुकानातून घेतलेल्या फ्लॅक फाइली ॲपलचे म्युझिक ॲप स्वीकारत नाही. त्या ॲपलच्या एएलएसी स्वरूपात बदलाव्या लागतात. दोन्ही स्वरूपांत आवाजातले काहीच गाळलेले नसल्याने या बदलात दर्जा उतरत नाही. दुसरा मार्ग व्हीएलसी या प्लेअर ॲपचा: ते फोनवर घेऊन त्यातल्या वाय-फाय शेअरिंगने संगणकाच्या ब्राउझरमधून फाइली पाठवता येतात, फ्लॅकसुद्धा.

मराठी संग्रहाची एक अडचण वेगळी आहे. नाट्यसंगीताच्या वा भावगीतांच्या जुन्या सीड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांची नावे फोनवर प्रश्नचिन्हे होऊन येतात. एमपी३ मधली नावे ज्या आयडी३ नोंदीत असतात, तिची पहिली आवृत्ती रोमन अक्षरांपुरती होती आणि शीर्षकाला ३० बाइट देई. दुसऱ्या आवृत्तीत युनिकोड मावते. त्यामुळे फोनमध्ये चढवण्याआधी संगणकावरच एखाद्या टॅग एडिटरने नोंद नव्या आवृत्तीत देवनागरीत भरून घेतली की गायक, संगीतकार आणि नाटकाचे नाव फोनवर नीट वाचता येते.