मध्यावर शून्य

सकाळी ७:३०. टी.वाय.बी.एस्सी.चं क्वांटम मेकॅनिक्सचं लेक्चर ८ ला. आज पेटीतला कण, म्हणजे दोन अभेद्य भिंतींमध्ये अडकलेला इलेक्ट्रॉन. गणित सोपं आहे, अर्ध्या तासात होतं, आणि मला तीच भीती वाटते. मुलं उत्तर उतरवून घेतात, पाठ करतात आणि त्याचा अर्थ काय हे विचारायचं राहून जातं.

८:००. समीकरण लिहिण्याआधी मी फळ्यावर दोन भिंती काढते. तरंग दोन्ही टोकांना शून्य व्हायला हवा, तर मध्ये कोणते आकार बसतील? मुलांना सतारीची तार आठवते. एक जण उठून एक उंचवटा काढतो, मग दोन, मग तीन. ऊर्जा ठरावीक टप्प्यांचीच का असते, हे गणिताआधीच समोर येतं. मग आकडे. पेटी १ नॅनोमीटर रुंद असेल तर इलेक्ट्रॉनची किमान ऊर्जा सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, पुढची तिच्या चौपट, त्यापुढची नऊपट. शून्य कधीच नाही.

८:३०. पहिल्या अवस्थेत पेटीच्या मधल्या एक तृतीयांश भागात कण सापडण्याची शक्यता किती? 'तेहतीस टक्के,' बरेच जण वहीत न बघता सांगतात. इंटिग्रल सोडवल्यावर ६१ टक्के येतात. मग दुसरी अवस्था, मध्यावर सरळ शून्य. आणि मागच्या बाकावरून प्रश्न येतो, 'मॅडम, मध्यावर तो सापडतच नाही, तर डावीकडून उजवीकडे जातो कसा?'

मी खडू खाली ठेवते. 'क्वांटममध्ये असंच असतं' म्हणून पुढे जाता येतं, पोर्शनही वेळेत संपतो. पण या विषयाचं सर्वांत जास्त नुकसान त्या एका वाक्याने होतं, असं माझं ठाम मत आहे. प्रश्न रास्त आहे, त्यात फक्त एक गृहीत धरलेली गोष्ट आहे: इलेक्ट्रॉन 'जातो', म्हणजे त्याला ठरलेली वाट आहे. या अवस्थेत डावीकडे जाणारा तरंग आणि उजवीकडे जाणारा तरंग सारख्याच प्रमाणात मिसळलेले असतात आणि मध्यावर ते एकमेकांना खोडतात. मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये तरंगफलनाचा जो अर्थ लावला, त्यानुसार त्याचा वर्ग आपल्याला मोजल्यावर कण कुठे सापडेल याची शक्यता सांगतो. मोजण्याआधी कण कुठून कुठे गेला, याबद्दल तो काही सांगत नाही. वर्गाला हे पटत नाही. पहिल्याच तासाला पटलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती.

शेवटची पाच मिनिटं प्रोजेक्टर. जपानच्या अकिरा तोनोमुरा यांच्या गटाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. इलेक्ट्रॉन एकेक करून येतात. आधी पडद्यावर कुठेही पडलेले ठिपके दिसतात, हजारो जमल्यावर मात्र पट्टे उमटतात. दोन पट्ट्यांमधल्या काळ्या जागेवर बोट ठेवून मी विचारते, इथे का पडत नाहीत? पहिल्या बाकावरची मुलगी म्हणते, 'दोन्हीकडचे तरंग इथे खोडले जातात. पेटीच्या मध्यावर झालं तेच.'

११:००. प्रॅक्टिकल, एलईडीवरून प्लांकचा स्थिरांक. व्होल्टेज हळूहळू वाढवायचं आणि करंट कुठे सुरू होतो ते टिपायचं. लाल एलईडी १.८ व्होल्टच्या आसपास पेटतो, निळ्याला अडीचच्या पुढे जावं लागतं. एका जोडीने डब्यातून पांढरा उचललाय. 'याची वेव्हलेंग्थ काय लिहू?' मी म्हणते, आधी रीडिंग घ्या. व्होल्टेज निळ्याच्या जवळपास येतं. दोघं एलईडी उलटसुलट करून बघतात, आतला पिवळसर थर दिसतो. आत निळाच आहे आणि फॉस्फरचा तो थर निळ्यातला काही प्रकाश पिवळा करतो, हे मग फार सांगावं लागत नाही.

उत्तर ६.६३ गुणिले १० चा उणे ३४ वा घात यायला हवं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे रीडिंग 'जमवायचा' मोह होतो. माझ्या बॅचमध्ये ५.९ आलं तर ५.९च लिहायचं. करंट नक्की कुठे सुरू झाला हे ठरवण्यात किती फरक पडतो, एलईडीचा प्रकाश एकाच वेव्हलेंग्थचा का नसतो, हे जर्नलमध्ये आलं की माझी सही मिळते.

१:३०. डबा, मग अटेंडन्सची कामं.

३:३०. मागच्या बाकावरचा तो मुलगा स्टाफरूमच्या दारात. वही उघडी. 'मॅडम, पहिली आणि दुसरी अवस्था मिसळली तर?' त्याने दोन्हींची बेरीज करून वर्ग केलाय, वेळेचा घटकही बरोबर घेतलाय. मी शेजारची खुर्ची ओढते. आम्ही आलेख काढतो. शक्यतेचा उंचवटा डावीकडून उजवीकडे सरकतो, परत येतो. आमच्या १ नॅनोमीटरच्या पेटीत एका फेरीला सुमारे ३.७ फेम्टोसेकंद लागतात. हालचाल हवी असेल तर ऊर्जा निश्चित असून चालत नाही, निदान दोन ऊर्जांचं मिश्रण लागतं.

'आणि मध्यावर?' मी विचारते. तो किंमत घालतो, खोडतो, पुन्हा घालतो. शून्य येत नाही. सकाळच्या त्याच्या प्रश्नाचं उत्तर आता त्याच्याच अक्षरात वहीत आहे, आणि उद्या ८ ला ते फळ्यावर तोच मांडणार आहे.